यादीत नसलेला धक्का

रविवार, ९ फेब्रुवारी
घरून

चिंगे,

एकोणीस वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. हे पत्र नव्हे, सूचना आहे. आमच्या ऑफिसातून जहाजांना जायची तशी : अमुक तारखेला अमुक ठिकाणी अडथळा आहे, सावध असावे.

अडथळा मी. येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा ते बारा एक बोट तुझ्या घरासमोरच्या धक्क्याला लागेल आणि तिच्या डेकवर मी बसलेली असेन. मी उतरणार नाही. तू बाजारातून येताना मला अचानक बघून पिशवी खाली टाकू नयेस, आणि नंतर 'ताई दारापर्यंत आली आणि तोंड फिरवून गेली' असं गावभर सांगत सुटू नयेस, एवढ्याचसाठी कळवते आहे. तोंड फिरवणार नाही. खुर्ची ज्या बाजूला असेल त्या बाजूला तोंड असेल.

ही सगळी करणी तुझ्या भाऊजींची. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांची पोटं फाडत बसलेला हा माणूस. गेल्या वर्षी दुकान बंद केल्यापासून स्वतःच्या मनगटाला घड्याळ बांधत नाही. का, तर म्हणे, "आता वेळ आपल्या घरचा." परवा एक रंगीत कार्ड घेऊन आले. 'निवांत जलसफर. किनाऱ्याकडेने, खाडीखाडीतून, आठ दिवस. फक्त जोडप्यांसाठी.' मी म्हटलं, आपण कसलं जोडपं, जोड तर चपलांचाही असतो. तर म्हणाले, "चपलासुद्धा कधीतरी बाहेर पडतात."

पैसे आधीच भरलेले. मग मी कार्डामागचा नकाशा पाहिला. पाचव्या दिवसाचा थांबा पाहिला. विचारलं, "हे मुद्दाम?"

"मुद्दाम काय? पाणी जिथून जातं तिथूनच बोट जाणार."

एवढं साळसूद तोंड मी शाळेत फक्त एकीचं पाहिलं आहे, आणि ती पुढे नन झाली.

उत्तराची अपेक्षा नाही. उत्तर द्यायची तुला सवय नाही.

— ताई

सोमवार, १० फेब्रुवारी
बोटीवरून, पहिला थांबा

चिंगे,

पुन्हा लिहिण्याचं कारण नव्हतं. पण इथे बोलण्यासारखं माणूस नाही, आणि या थांब्याला नेमकी पोस्टाची पेटी आहे.

बोटीत चार खोल्या. खोली म्हणजे कपाटच, फक्त कपड्यांऐवजी आत माणसं ठेवलीत. दोन खोल्या रिकाम्या. एकीत आम्ही, एकीत दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको. दोघं सत्तरीची, आणि सारखी एकमेकांचे हात धरून. मला वाटलं, दोघांपैकी कुणाचा तरी तोल जात असेल. तसं नाही. प्रेम आहे म्हणे.

खोलीत दिवसाचा कार्यक्रम छापून ठेवलाय. 'नऊ ते अकरा : निवांत वेळ. अकरा ते एक : निवांत वेळ, डेकवर. चार ते सहा : निवांत वेळ, चहासह.' तेहेतीस वर्षं मी छापील कागद तपासले, पण इतका बेशरम कागद हाताखालून गेला नाही. बोट चालते माणसाच्या पावलाने. काठावरून एक कुत्रं आमच्या बरोबरीनं निघालं होतं, ते कंटाळून पुढे निघून गेलं.

कप्तान चाळिशीचा, अर्ध्या चड्डीतला. मला पहिल्याच वाक्यात 'काकू' म्हणाला. मी यंदाचं भरती-ओहोटीचं पुस्तक घेऊन बसले होते. निवृत्त झाले तरी ऑफिस दरवर्षी एक प्रत पाठवतं. तेवढी लाज त्यांना आहे.

"काकू, कोडी सोडवताय?"

"मी तुमची काकू नाही, आणि ही कोडी नाहीत. या पुस्तकावर तुमची बोट चालते."

"आमची डिझेलवर चालते."

तुझे भाऊजी इतके हसले की चहा नाकात गेला. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ जमलंय. संध्याकाळी सुकाणूपाशी बसून एकमेकांना गाठी मारायला शिकवत होते. मी इकडे एकटी निवांत.

तुला माझं काम कधी कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. बंदरात पाणी रोज किती वाजता चढणार, किती वाजता उतरणार, हे आकडे काढणारे साहेब वेगळे. ते छपाईत जसेच्या तसे उतरले की नाही हे बघायचं काम माझं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर जहाज चिखलात बसतं. तेहेतीस वर्षांत माझ्या लाल पेन्सिलीखालून एकही चूक निसटली नाही. दोन निसटल्या त्या मी रजेवर असताना.

हे बढाईसाठी नाही सांगत. कोणीतरी बरोबर असायला लागतं, एवढंच.

— ताई

बुधवार, १२ फेब्रुवारी
तिसरा थांबा

चिंगे,

आज या बाईनं मला विचारलं, दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं, "तुम्हाला भावंडं किती?"

मी म्हटलं, "नाही कुणी."

खुर्चीत डोळे मिटून पडलेला आमचा कुंभकर्ण म्हणाला, "एक आहे."

नंतर खोलीत मी फैलावर घेतलं. "मध्ये तोंड घालायची काय गरज होती?" तर म्हणे, "मला वाटलं मोजण्यात चूक झाली. तुला चूक खपत नाही ना, म्हणून सांगितलं."

बघ, या वयात मला असं ऐकून घ्यावं लागतं. त्यांच्याशी भांडताही येत नाही, कारण भांडायला समोरचं माणूस जागं लागतं. बाकी खोलीत पाय आपटायलाही जागा नाही. कपाटाचं दार उघडलं की पलंग अडतो, पलंगावर बसलं की दार.

त्या बाईला मग सगळंच ऐकायचं होतं. धाकटी की मोठी? काय करते? मी सांगितलं, लहान मुलांना चित्रकला शिकवायची, आता घरीच असते. खाडीच्या काठी घर आहे. भांडण कशावरून, म्हणाली. मी म्हटलं, भांडण नाही, एक क्षुल्लक दुरुस्ती होती, ती तिच्या नाकाला झोंबली.

तुला आठवतं का, कॉन्व्हेंटातल्या चष्मेवाल्या मदरने मला तुझ्या वह्या तपासायला बसवलं होतं? मी सहावीत, तू दुसरीत. तुझ्या वर्गाला मदर कमी पडत होत्या म्हणून मोठ्या मुलींना लहानांच्या वह्या वाटून दिल्या, आणि तुझी वही माझ्या वाट्याला आली. बाकीच्या मुली आपापल्या बहिणींना सांभाळून घ्यायच्या. मी नाही घेतलं. तू मांजराचं चित्र काढलं होतंस आणि मिशा एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार. मी लाल गोल केला. मदर म्हणाल्या, शंभर वेळा लिही, 'मी नीट पाहीन.' तू रडत रडत लिहिलंस. आईनं मला विचारलं, "अगं, मांजराच्या मिशा कोण मोजतं?"

मी मोजल्या होत्या. चूक होती ती चूकच होती.

बोट आज दोन तास एका पुलाखाली थांबली. कारण? कार्यक्रमात लिहिलं होतं : 'सावलीत निवांत वेळ.' माझं डोकं फुटायचं बाकी आहे.

— ताई

गुरुवार, १३ फेब्रुवारी
चौथा थांबा

चिंगे,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा आमची बोट तुझ्या धक्क्यावरून पुढे गेलेली असेल. म्हणून लिहायला धीर होतोय. समोर माणूस असलं की मला फक्त चुका दिसतात.

'क्षुल्लक दुरुस्ती' म्हटलं काल. ती बाई पुन्हा आज खोदून विचारत होती, आणि तुझे भाऊजी चक्क जागे होते. म्हणाले, "सांग की. नाहीतर मी सांगतो, मग त्यात तुला चुका काढाव्या लागतील." मी उठून खोलीत आले.

एकोणीस वर्षांपूर्वी, त्या सोमवारी, तुझा फोन ऑफिसात आला होता. 'आईचं काही खरं नाही, ताई, आत्ताच निघ.' पुढच्या वर्षाच्या पुस्तकाचे शेवटचे दोन फर्मे, बत्तीस छापील पानं, तपासायला माझ्या टेबलावर होते. साहेब म्हणाले होते, जा, दुसरं कोणी बघेल. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. साहेबांनी अडवलं असंच तुला वाटत राहिलं, आणि मी वाटू दिलं. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर चूक राहिली असती, असं मला वाटलं. मंगळवारी संध्याकाळी आई गेली. बुधवारी दुपारी मी पोचले. चार तास तुझ्या घरात बसले आणि परत निघाले. खिडकीतून बाहेरसुद्धा पाहिलं नाही. दिवाणावरच्या चादरीच्या रेघा मोजत होते.

पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. आठ पानी. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू फक्त सगळं क्रमाने लिहिलं होतंस, जसं मला आवडतं तसं. सहाव्या पानावर होतं : 'साडेसहा वाजले होते. तिने मला खिडकी उघडायला लावली. खाडी काठोकाठ भरली होती. ती म्हणाली, पाणी चढलं बघ, आता थोरली येईल. मग ती बोलली नाही.'

चार दिवस ते पत्र मी टेबलावर ठेवलं. पेन उघडायची आणि मिटायची. पाचव्या दिवशी त्या वर्षीचं पुस्तक काढलं. तो मंगळवार काढला. भरती पाच वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे साडेसहाला पाणी उतरायला लागून जवळजवळ दीड तास झालेला. काठोकाठ असणं शक्यच नाही.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! भरलेली खाडी जर तू रचलेली, तर खिडकीही रचलेली, आणि आईचं ते वाक्यही. मला टोचावं म्हणून तू लिहिलेलं. मी पेन खाली ठेवून लाल पेन्सिल घेतली. त्या ओळीखाली रेघ मारली, समासात लिहिलं : 'अशक्य. त्या दिवशी भरती ५.०५.' आणि आठही पानं पाकिटात घालून तुला परत पाठवली.

दुसरा एक शब्द लिहिला नाही.

तुझे भाऊजी तेव्हा एवढंच म्हणाले होते, "पोस्टात टाकलंस?" मी म्हटलं, हो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि समोरच्या घड्याळात डोकं घातलं. त्या रात्री जेवले नाहीत.

उद्या दहा ते बारा. मी उतरणार नाही. पण दुरुस्ती बरोबर होती हे मला आजही वाटतं. दुःख झालं म्हणून पाणी आपली वेळ सोडत नाही.

— ताई

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पाचवा थांबा (ज्याला थांबलो नाही)

चिंगे,

हे पोस्टात टाकायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. पण क्रमाने लिहिते.

सकाळी नऊला बोट तुझ्या खाडीच्या तोंडाशी आली आणि कप्ताननं नांगर टाकला. मी विचारलं, का?

"पाणी यायचंय, काकू. इथे आत उशिरा चढतं. साडेअकराला धक्क्याला लागू, बाराच्या आत निघू. अर्धा तास मिळेल. थांबलो तर ओहोटीत अडकू."

माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! "कार्डावर दहा ते बारा छापलंय. दोन तास."

"कार्ड ऑफिसवाल्यांनी छापलं. ऑफिस खाडीत राहत नाही."

तुझे भाऊजी म्हणाले, "अगं, तुला उतरायचंच नाहीये ना? मग दोन तास काय आणि अर्धा तास काय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"असं होय," म्हणाले, आणि माझ्या पायांकडे बघितलं. मी बाहेर जायच्या चपला घातल्या होत्या. नवं लुगडं... जाऊ दे. नवी साडी होती, ते तुझ्या लक्षात आलंच असतं.

मी पुस्तक आणलं. त्याच्या नाकासमोर पान उघडलं. "आजची भरती दहा वाजून दहा मिनिटं. साडेनऊला निघालात तरी पाणी भरपूर."

"ते बाहेरच्या बंदराचं."

"मागे छोट्या बंदरांची यादी आहे. कुठे किती मिनिटं मिळवायची ते दिलंय. हा धक्का यादीत नाही. यादीत नाही म्हणजे फरक नाही."

"यादीत नाही म्हणजे तिथे कुणी मोजलं नाही, काकू."

चिंगे, हे वाक्य त्या अर्ध्या चड्डीतल्या माणसानं मला ऐकवलं आणि मी ते ऐकलं नाही. मी म्हटलं, तेहेतीस वर्षं मी हे काम केलंय. म्हटलं, मी तुमच्या मालकांना लेखी कळवेन. दातांचे डॉक्टरही मध्ये पडले, "बाईंचा त्यातला अभ्यास आहे हो." शेवटी त्यानं नांगर उचलला. म्हणाला, "चला. पण मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा."

नऊ चाळीसला बोट बसली. आपटली नाही, करकरली नाही. म्हैस बसते तशी बसली, आरामात, कायमची. तुझा धक्का दोनशे पावलांवर आणि मध्ये चिखल.

धक्क्यावर तू होतीस.

हातात छत्री, एका पायावर उभी, दुसरा पाय मागे दुमडलेला. बगळ्यासारखं उभं राहू नको म्हणून मदरनी तुला किती वेळा टोकलं असेल. पासष्टी जवळ आली तरी जित्याची खोड गेली नाही तुझी. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण पाय दिसला.

तुझे भाऊजी उठून टॉवेल हलवायला लागले. मी त्यांचा हात खाली ओढला. "लोक बघतात."

"तिनंच बघावं म्हणून तर हलवतोय," म्हणाले. पण परत हलवला नाही. माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं चिखलाच्या मध्यभागी खुर्च्यांवर बसून तुझ्याकडे बघत होतो, आणि स्वयंपाकीण चहा घेऊन आली. 'निवांत वेळ, चहासह.' मला किंचाळावंसं वाटलं.

काही सुचेना म्हणून मी पाणी मोजायला लागले. बोटीजवळ चिखलात एक लाकडी खांब होता, त्याला शेवाळाचे पट्टे. पुस्तकाच्या समासात दर पाच मिनिटांनी एक खूण. दहा वाजून दहा झाले. पुस्तकाप्रमाणे पाणी थांबायला हवं होतं. थांबलं नाही. चढत होतं. वीस. तीस. चढतच होतं. मी घड्याळ कानाला लावलं.

"घड्याळ बरोबर आहे," तुझे भाऊजी म्हणाले. "मीच लावलंय."

"मग?"

मग त्यांनी मला दुकानातली एक गोष्ट सांगितली. एक म्हातारा लंबकाचं घड्याळ तीनदा घेऊन आला. दुकानात अगदी ठीक चालायचं, घरी नेलं की वेळ चुकायची. तिसऱ्यांदा हे स्वतः त्याच्या घरी गेले. "घड्याळात काही नव्हतं गं. भिंत तिरकी होती."

"एवढी वर्षं हे तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"तू घड्याळाविषयी विचारलं नाहीस. आणि मला तरी ही खाडी कुठे माहीत होती?"

अकरा पाचला बोट तरंगली. पण इंजिनात चिखल ओढला गेला होता. कप्तान कोपरापर्यंत हात घालून साफ करत राहिला. साडेअकराला तू छत्री उघडलीस, पाय खाली टेकवलास आणि गेलीस. तुला वाटलं असेल, ताई दोनशे पावलांवर येऊन बसली आणि मुद्दाम बसली. एवढं जमवायला बोट चिखलात घातली!

अकरा पस्तीसला पाणी थांबलं. खांबाच्या सगळ्यांत वरच्या पट्ट्याला टेकलं आणि थांबलं. खाडी काठोकाठ. तुझ्या घराच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं त्यात. इंजिन सुरू झालं तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, आणि कप्ताननं बोट सरळ बाहेर काढली.

दहा दहा, आणि अकरा पस्तीस. एक तास पंचवीस मिनिटं. हा फरक मी समासात लिहिला आणि त्याला गोल केला, सवयीनं. मग माझ्या हातानं आपोआप दुसरी बेरीज केली. मी थांबवायला गेले, पण तेहेतीस वर्षांचा हात आहे, तो थांबत नाही.

पाच पाच, अधिक एक पंचवीस.

साडेसहा.

आता पुढे काय लिहू? तू खिडकी उघडली होतीस. खाडी भरलेली होती. आणि आई म्हणाली होती.

मी हे तुझ्या भाऊजींना दाखवलं. त्यांनी आकडे वाचले, पुस्तक मिटून मला परत दिलं आणि म्हणाले, "पुढच्या थांब्याला उतरू. सामान मी भरतो."

— ताई

रविवार, १६ फेब्रुवारी
तुझ्या धक्क्यावरच्या बाकावरून

चिंगे,

काल बस नव्हती. आज पहिल्या बसने आलो. जलसफरीचे तीन दिवस बाकी असताना उतरलो म्हणून कप्तान हळहळला. माझ्यासाठी नाही, गाठी शिकणारा गेला म्हणून. निघताना म्हणाला, "काकू, तो तुमचा एक तास पंचवीसचा आकडा मला लिहून द्या." मी लिहून दिला. आणि त्याला काकू म्हणू दिलं.

तुझं दार वाजवायचं धाडस झालं नाही. मला! एका सबंध वर्गाला नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवणाऱ्या मुलीला. तुझे भाऊजी म्हणाले, "मी वाजवतो." मी म्हटलं, तुम्ही वाजवलंत तर ती उघडेल, आणि मग मला कधीच कळणार नाही की माझ्यासाठी उघडलं असतं का. तर आता ते कोपऱ्यावर दोन बॅगा घेऊन बसलेत आणि समोरच्या दुकानदाराचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवायला लावतायत. या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण जागे आहेत.

हे पत्र आणि शुक्रवारचं पत्र, दोन्ही मी तुझ्या दाराखालून सरकवते आहे. सोबत भरती-ओहोटीचं पुस्तकही आहे. ते दाराखालून जाणार नाही, म्हणून आधीच उंबऱ्याशी ठेवून आले. ते उलटं उघड. मागच्या कोऱ्या पानांवर मी काल दिवसभर लिहिलंय, मदरच्या हिशेबाने, शंभर वेळा. लाल पेन्सिलीनं. 'पाणी साडेसहाला भरलं होतं.' चाळिसाव्या ओळीला पेन्सिल तुटली, तुझ्या भाऊजींनी टोक करून दिलं. साठाव्यानंतर अक्षर बिघडलंय. तसंच ठेवलंय. पुसून पुन्हा लिहिलं नाही, ते मला किती जड गेलं असेल हे तुला माहीत आहे.

मोजून घे. एखादी ओळ कमी निघाली तर बाहेर येऊन सांग. जास्त निघाली तर ती मांजराच्या मिशीत धर.

एक गोष्ट लिहायची राहिली. साहेबांनी मला जा म्हटलं होतं, हे गुरुवारच्या पत्रात आहे. ते अजून पोस्टात असेल, तुला उद्या मिळेल. ते वाचलंस की पुन्हा चिडशील. त्याला माझी हरकत नाही. फक्त त्या आधी आज एकदा बाहेर ये, म्हणजे उद्या तुला चिडायला मी समोर असेन.

आई थांबली होती. मी आलेच नाही. हे मला आत्ता, या बाकावर, पहिल्यांदा कळतंय, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

समोर पाणी आहे. चढतंय की उतरतंय ते मला कळत नाही. खांबाकडे बघून खूण करावीशी वाटते आहे, पण पुस्तक तुझ्या उंबऱ्यावर आहे आणि पेन्सिल मी त्यातच ठेवली.

खिडकी उघड, चिंगे. खाडी भरली की नाही, ते तू सांग.

— ताई